दिवा विझला म्हणजे दोष गेला असे नव्हे

प्रशासनात सुरक्षेचा विचार बहुधा प्रपत्रातून होतो. अग्निशामक आहे काय? आहे. प्रथमोपचार पेटी आहे काय? आहे. रकान्यात खूण पडली की विषय संपतो. परंतु सुरक्षेच्या साधनाची खरी परीक्षा ते बसवले त्या दिवशी होत नाही. बाकीची व्यवस्था कोलमडते त्या क्षणी होते. मोटारींतील एअरबॅगच्या निमित्ताने हा मुद्दा मांडावा, असे बरेच दिवस मनात होते.

आपल्याकडे चालकासाठीची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत सक्तीची झाली. शेजारच्या आसनासाठीची सक्ती नव्या मॉडेलना १ एप्रिल २०२१ पासून आणि आधीच बाजारात असलेल्या मॉडेलना त्याच वर्षाच्या अखेरीपासून लागू झाली. निर्णय स्तुत्यच होता. मात्र एअरबॅग विजेवर अवलंबून असते, हे आपण विसरतो. संवेदकाने धडक ओळखायची, नियंत्रकाने निर्णय घ्यायचा आणि विजेच्या स्पंदाने पिशवी फुगवायची. हे सारे पापणी लवण्याच्या आत. आता समोरासमोरच्या धडकेत प्रथम चिरडला जातो तो पुढचा भाग, आणि बहुतेक मोटारींत बॅटरीही तिथेच असते. म्हणून अभियंत्यांनी नियंत्रकातच कपॅसिटर ठेवला. गाडी चालू असताना तो भरलेला राहतो आणि बॅटरीची तार तुटली तरी पिशवी फुगवण्यापुरती वीज त्यात शिल्लक असते. बॅटरी सोडवल्यावर काही मिनिटे थांबूनच एअरबॅगच्या जोडण्यांना हात लावावा, अशी ताकीद कारागिरांना असते, ती यामुळेच.

ही शिल्लक क्षणभरापुरतीच असते. वीज धडकेबरोबर गेली तर ती कामी येते. पुरेशी आधी गेली तर नाही. याची किंमत अमेरिकेत मोजली गेली. जनरल मोटर्सच्या शेव्हरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन इत्यादी मोटारींचा इग्निशन स्विच ढिला होता. किल्ल्यांचा जुडगा जड असला किंवा रस्त्यात धक्का बसला, तर किल्ली चालू स्थितीतून मागे सरके. इंजिन बंद पडे, स्टिअरिंग जड होई आणि एअरबॅगही निकामी होई. २०१४ मध्ये लाखो मोटारी परत बोलावल्या गेल्या. कंपनीनेच स्थापलेल्या भरपाई निधीने पुढे १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. अमेरिकी काँग्रेसच्या सुनावणीत संबंधित सुट्या भागाची किंमत म्हणून ५७ सेंट हा आकडा पुढे आला.

प्रशासकाला या प्रकरणात किमतीहूनही दुसरी गोष्ट अधिक बोचते. कंपनीने नेमलेल्या चौकशीचा अहवाल सांगतो की, चालती गाडी बंद पडणे ही बाब अभियंत्यांनी ग्राहकाच्या सोयीच्या वर्गात टाकली होती, सुरक्षेच्या नव्हे. स्विच पाहणाऱ्यांना एअरबॅगचा त्याच्याशी असलेला संबंध उमगला नाही. आपल्या भाषेत, नस्ती चुकीच्या शीर्षाखाली उघडली गेली आणि मग वर्षानुवर्षे तिथेच फिरत राहिली. याउलट विस्कॉन्सिन राज्याच्या एका गस्ती पोलिसाने अपघातग्रस्त कोबाल्ट पाहून २००७ मध्येच लिहिले होते की, स्विच मागे सरकलेला दिसतो आणि त्यामुळे एअरबॅग उघडल्या नसाव्यात. त्याचा अहवाल कंपनीच्या दप्तरी होता. तळाच्या कर्मचाऱ्याचे निरीक्षण वरपर्यंत न पोचणे, हा काही केवळ सरकारी खात्यांचा रोग नव्हे.

आता आपल्या घरचे. काही वर्षांपूर्वी उत्तरेकडील एका राज्यात नेमणुकीवर असताना माझ्या शासकीय गाडीचा एअरबॅगचा इशारादिवा सतत पेटलेला राहू लागला. गाडी कार्यशाळेत गेली आणि परत आली. देयकात 'दिवा दुरुस्त' अशी नोंद. दुसऱ्या दिवशी किल्ली फिरवताना पाहिले, तर दिवा मुळी लागलाच नाही. वस्तुतः किल्ली फिरवताच तो काही सेकंद लागून विझायला हवा. तीच त्या यंत्रणेची स्वतःची तपासणी. चालकाने निरागसपणे सांगितले, "साहब, बत्ती ही निकलवा दी. अब परेशानी नहीं है." लेखापरीक्षकालाही यात आक्षेप घेण्यासारखे काही सापडले नसते. तक्रार दिवा पेटल्याची होती; निवारण दिवा विझवून झाले. मी ते देयक परत पाठवले आणि मूळ दोष शोधायला लावला. आसनाखालची एक जोडणी सैल झाली होती. काम अर्ध्या तासाचे निघाले.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे जॉर्ज अकरलॉफ आठवतात. त्यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले की, विकणाऱ्याला ठाऊक असलेले घेणाऱ्याला ठाऊक नसले की बाजार बिघडतो. एअरबॅगच्या बाबतीत तर मालकालाही काही कळत नाही. वापरून पाहता येत नाही अशी ती वस्तू आहे. तो लहानसा दिवा हीच काय ती त्याच्या हाती आलेली माहिती. ती काढून घेणारा कारागीर बल्ब चोरत नाही, माहिती चोरतो.

हाच प्रश्न बसच्या दारालाही लागू आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये, दिवाळीच्या आगेमागे, दहा दिवसांच्या अंतराने दोन बस पेटल्या: १४ तारखेला जैसलमेरजवळ आणि २४ तारखेला कर्नूलजवळ. पहिल्या दुर्घटनेत वीसहून अधिक प्रवासी गेले, दुसऱ्या बसमधील एकोणीस. दोन्ही वेळी दार उघडले नाही, अशा बातम्या आल्या. हैदराबाद-बंगळूरच्या त्या रस्त्यावरून आपल्यापैकी कितीजणांची मुले रात्री प्रवास करतात! माझी कन्याही करते. ज्या आगीतून बाहेर पडायचे तीच आग तारा जाळते. मग त्या तारांवर विसंबणारे दार हे दार नव्हेच. वीज आणि हवेचा दाब दोन्ही गेल्यावरही ते आतून हाताने उघडले पाहिजे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. तपासणीच्या प्रपत्रात 'साधन आहे काय' यापुढे आणखी एक रकाना असावा: 'वीज तोडल्यावर ते चालते काय, हे प्रत्यक्ष पाहिले काय?' बसचा मुख्य विद्युत्प्रवाह बंद करून दार उघडून पाहायला दोन मिनिटे पुरतात. इशारादिवा लागतो आणि विझतो की नाही हे पाहायला दहा सेकंद. यासाठी नवे लेखाशीर्ष नको, नवी समितीही नको.

नियम होईल तेव्हा होवो. उद्या सकाळी आपल्या गाडीची किल्ली फिरवताना तो दिवा अवश्य पाहा. लागलाच नाही, तर विझला नाही यापेक्षाही ते अधिक काळजीचे, कारण मग यंत्रणा आपल्याला काहीच सांगू शकत नाही. आणि रात्रीच्या बसमध्ये चढल्यावर दाराजवळचा आपत्कालीन खटका व मागची खिडकी कुठे आहे, हे झोपण्यापूर्वी मुलांना दाखवून ठेवा.