तापाची तारीख

डोंबिवलीच्या पूर्वेस, स्थानकापासून हाकेच्या अंतरावर, गेली तीसएक वर्षे मी वैद्यकीचा व्यवसाय करीत आहे. आणि जेथे पहाटेची लोकल गाठून रात्री परतणारा प्रत्येक माणूस ‘डॉक्टर, थकवा जात नाही’ असे कधी ना कधी म्हणतोच, तेथे त्या वाक्याकडे कानाडोळा करण्याची सवय वैद्याला किती सहज जडते, हे मी स्वानुभवाने जाणतो. परंतु अशा शेकडो दमलेल्यांत एखादा असा भेटतो की, ज्याला आपला थकवा कोणत्या तापापासून सुरू झाला हे तारखेनिशी सांगता येते.

२००६ साली चिकुनगुनियाची साथ महाराष्ट्रभर पसरली. (१९७३ साली बार्शीला येऊन गेल्यावर हा आजार तीन दशके जणू अज्ञातवासात होता.) साथ ओसरल्यावर काही महिन्यांनी चाळिशीच्या एक कारकून बाई माझ्याकडे आल्या. ताप आठवड्यात उतरला होता, सांधेही बरेच मोकळे झाले होते. पण रविवारी पाहुण्यांसाठी पुरणपोळ्या केल्या, तर सोमवार कसाबसा निभावे आणि मंगळवारी वेणी घालण्यासाठी हात वर नेववत नसे. आठ तास झोपूनही अंग शिणलेलेच. खतावणीतील एकच बेरीज तीनतीनदा करावी लागे. रक्ताचे सारे अहवाल निर्दोष होते. कचेरीत त्या कामचुकार ठरल्या, आणि मीही त्यांना रोज तासभर चालण्याचा सल्ला दिला. पंधरा दिवसांनी त्यांना रिक्षातून, दोघांच्या आधाराने, आणावे लागले. ती माझी चूक होती. श्रमांची झळ त्याच दिवशी न लागता एका-दोन दिवसांनी लागावी आणि विश्रांतीनेही ती शमू नये, हेच या व्याधीचे प्रमुख लक्षण. त्याची चौकशी मी केलीच नव्हती.

या व्याधीसाठी क्रॉनिक फटिग सिंड्रोम हे नाव १९८८ साली अमेरिकेत रूढ झाले. व्याधी त्याहून जुनी आहे. १९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात सुमारे तीनशे माणसे, बहुतेक तेथील परिचारिका आणि डॉक्टरच, अशा आजाराने अंथरुणाला खिळली व रुग्णालय बंद ठेवावे लागले. विषाणू सापडला नाही. सबब १९७० साली दोन मनोविकारतज्ज्ञांनी, रुग्णांना प्रत्यक्ष न तपासता, केवळ जुन्या दप्तरावरून, हा सामुदायिक उन्मादाचा प्रकार असल्याचा निवाडा दिला. आणि त्या निवाड्याची शिक्षा पुढे कित्येक पिढ्यांच्या रुग्णांनी भोगली, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याचे उत्तर ऑस्ट्रेलियातील डबो या गावाने दिले. तेथे एपस्टाईन-बार विषाणू, रॉस रिव्हर विषाणू आणि क्यू ज्वराचा जिवाणू यांनी आजारी पडलेल्या २५३ जणांवर आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यापासून लक्ष ठेवण्यात आले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांनी त्यांपैकी सुमारे अकरा टक्के लोकांना हीच व्याधी जडली होती. जंतू तीन, परिणाम एक! आणि ती कोणाला जडेल हे रुग्णाच्या स्वभावावरून ठरत नव्हते, तर मूळ आजार किती तीव्र होता यावरून ठरत होते. रॉस रिव्हर हा चिकुनगुनियाचा भाऊबंद आहे, हे ध्यानी आल्यावर मला त्या बाईंची कैफियत पुन्हा आठवली.

म्हणून एकाच गुन्हेगार विषाणूचा शोध मला आता फारसा फलदायी वाटत नाही. २००९ साली उंदरांतील एका विषाणूच्या कुळातल्या नव्या विषाणूवर असा आरोप झाला, आणि तो प्रयोगशाळेतील भेसळीचा परिणाम ठरून तो निबंध २०११ साली मागे घेण्यात आला. विषाणू ठिणगी टाकून निघून जातो. मग प्रतिकारशक्ती युद्ध संपल्यावरही शस्त्र खाली ठेवीत नाही काय, की विषाणूचे अवशेष ऊतींत मुक्काम करून राहतात, की उभे राहताच नाडी धावू लागावी इतके स्वायत्त मज्जातंतूंचे नियंत्रण बिघडते, याचा निकाल अद्याप लागावयाचा आहे. २०२० नंतर कल्याण-डोंबिवलीत कोविडमधून उठलेल्या कित्येकांनी तोच मंगळवार मला सांगितला. आता मी केसपेपरवर सर्वप्रथम तापाची तारीख लिहितो आणि श्रमांनंतरच्या दुसऱ्या व तिसऱ्या दिवसाबद्दल आवर्जून विचारतो.

त्या बाईंना मी सक्त विश्रांतीचा दाखला लिहून दिला आणि पोळ्या स्टुलावर बसून लाटावयास सांगितले. पूर्ण बऱ्या त्या झाल्या नाहीत, परंतु दोन वर्षांनी कामावर रुजू झाल्या. रेल्वेचा पूल चढताना त्या अर्ध्यावर, दम लागण्यापूर्वीच, कठड्याला टेकून थांबत, आणि खालून एक लोकल निघून गेली तरी घाई करीत नसत.