राजवाड्यासमोरची मोकळी जागा

इंदूरला आमचे जाणे वर्षातून दोनदा तरी होतेच. कधी लग्नकार्य असते, कधी कोणाची प्रकृती विचारायची असते, कधी नुसतीच खरेदी. अशा प्रत्येक खेपेस राजवाड्यावरून जाणे घडते; परंतु राजवाडा पाहावा म्हणून आम्ही मुद्दाम कधी गेलो नव्हतो. ज्या वास्तूवरून आपण शंभरदा गेलो, तिच्याकडे मान वर करून पाहायचे मात्र राहून जाते. यंदा तो योग आला, तो आमच्या पुतणीमुळे.

ती वास्तुकलेच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात चौथ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी तिने बसथांब्याचा आराखडा केला, दुसऱ्या वर्षी बालवाडीचा, तिसऱ्या वर्षी एका लहान वाचनालयाचा. दरवेळी सुट्टीत ती पुठ्ठ्याची प्रतिकृती जपून घरी आणी, आणि आम्ही तिचा दर्शनी भाग पाहून “छान झाली आहे हो” असे म्हणून मोकळे होत असू. यंदाचा विषय होता समाजभवन. जागा आपापली निवडावी, अशी मुभा होती. तिने आमच्याच गावातील आमच्याच मंडळाची जागा निवडली.

येथे थोडा खुलासा करणे प्राप्त आहे. आमच्या मंडळाचे जुने घर पाडून तेथे नवी इमारत उभारावी, असे गेली काही वर्षे चालले आहे. इमारत समितीवर आम्हीही आहोत. समितीने गरजांची जी यादी केली, ती आमच्याच हस्ताक्षरात आहे: चारशे माणसांचे वातानुकूलित सभागृह, भोजनगृह, वधूपक्ष व वरपक्ष यांच्यासाठी खोल्या, वाहनतळ, भोवती उंच भिंत आणि लोखंडी फाटक. पुतणीने यादी मागितली, आम्ही ती अभिमानाने दिली. तिने दोनदा वाचली, घडी घातली आणि म्हणाली, “काका, घर पाडण्यापूर्वी एकदा माझ्याबरोबर इंदूरला चला. दोन दिवस पुरेत.”

स्थानकावरून आम्ही पायीच निघालो. वाटेत प्रथम लागते ते गांधी हॉल. १९०४ साली ही इमारत किंग एडवर्ड हॉल या नावाने बांधली गेली. १९४८ साली तिला महात्मा गांधींचे नाव मिळाले. मनोऱ्यावरील घड्याळामुळे जुनी मंडळी तिला घंटाघर म्हणतात. पुतणीने विचारले, “काका, तुम्ही आत किती वेळा गेला आहात?” आम्ही आठवून पाहिले, एखाद-दोन प्रदर्शने, एक सभा. “आणि कोणाची वाट पाहत बाहेर किती वेळा उभे राहिलात?” ते मात्र मोजता येण्याजोगे नव्हते. तिने वहीत काहीतरी टिपून घेतले.

पुढे कृष्णपुऱ्याचा पूल आणि कान्ह नदीच्या काठच्या होळकरांच्या छत्र्या. दगडी कोरीवकाम पाहण्यासारखे आहे; परंतु ती बराच वेळ पाहत राहिली ती पायऱ्यांकडे. तिचे म्हणणे असे की, अहिल्याबाईंनी काशीला घाट बांधले, महेश्वरला बांधले, आणि घाटाइतकी सर्वांची इमारत दुसरी नाही. घाटाला दार नाही, छप्पर नाही, पहारेकरी नाही. स्नानाला आलेला तेथे बसतो आणि कुठेच जायचे नसलेलाही बसतो. आम्हांला हे थोडे कवित्वाचे वाटले. तसे आम्ही बोलूनही दाखविले.

मग आला राजवाडा. सात मजल्यांचे ते प्रवेशद्वार बाजाराच्या गजबजाटातून एकदम समोर उभे राहते. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. मधोमध लोखंडी खिळे ठोकलेला भव्य दरवाजा, वर गवाक्षांच्या व सज्ज्यांच्या रांगा. मराठी वाड्याच्या बांधणीत मोगली धाटणी मिसळलेली आहे, आणि जाणकारांना युरोपीय छटाही दिसतात. मल्हारराव होळकरांनी अठराव्या शतकाच्या मध्यास या वाड्याचा पाया घातला. १८०१ साली शिंद्यांचे सरदार सर्जेराव घाटगे यांनी इंदूर लुटले व जाळले, त्यात वाड्याचीही होळी झाली. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर इंदूर राजधानी झाले, आणि दुसऱ्या मल्हाररावांच्या कारकीर्दीत वाडा पुन्हा उभा राहिला. पुढे १९८४ साली, इंदिरा गांधींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत, मागचा भाग आगीत गेला. दर्शनी भाग तेवढा उरला, आणि अनेक वर्षे लोक दरवाजाआडच्या त्या पोकळीची हळहळ करीत राहिले. होळकर घराण्यातील उषाराजे यांच्या पुढाकाराने २००६–०७ च्या सुमारास मागील भाग जुन्याच पद्धतीने पुन्हा बांधण्यात आला.

आम्ही तिकीट काढून आत जाण्यास उतावीळ झालो होतो. पुतणी मात्र समोरच्या बागेत, अहिल्याबाईंच्या पुतळ्याजवळ जाऊन बसली. “आधी इथे,” ती म्हणाली, आणि तिने वही उघडून आमच्यापुढे धरली.

वहीत आम्हांला राजवाड्याची कमान, खांब, सज्जे यांची चित्रे अपेक्षित होती. तसे त्यात काहीच नव्हते. समोरच्या मोकळ्या जागेचा एक नकाशा होता आणि त्यावर नुसते ठिपके होते. ती यापूर्वी अनेकदा येथे येऊन बसली होती आणि माणसे कोठे बसतात, कोठे उभी राहतात, ते तिने टिपून घेतले होते. सकाळचा नकाशा वेगळा, दुपारचा वेगळा, संध्याकाळचा वेगळा. सकाळी फिरून आलेले वृद्ध. दुपारी बाजारात ओझी वाहणारे हमाल, खरेदीने दमलेल्या खेड्यातल्या बाया. सावली जशी सरके तसे त्यांचे ठिपकेही सरकलेले. संध्याकाळी फुगेवाले, लहान मुले, सराफ्यातली खाऊगल्ली उघडण्याची वाट पाहणारी तरुण मंडळी. एका पानावर रंगपंचमी होती. त्या दिवशी गेर निघतात आणि सारे शहर राजवाड्यापुढे लोटते, म्हणून ते पान ठिपक्यांनी काळेच झाले होते.

“काका,” ती म्हणाली, “यातल्या कोणालाही कोणी बोलावलेले नाही. आणि कोणी ‘तुम्ही इथे का बसलात’ असेही विचारीत नाही. वाडा राजांचा होता. ही जागा मात्र सगळ्यांची झाली. वाडा जळाला, पण लोकांनी इथे यायचे सोडले नाही.”

मग आम्ही आत गेलो. मागच्या चौकात शांतता होती. मल्हारी मार्तंडाचे दर्शन घेतले. चौकाभोवतीच्या ओवऱ्यांत लाकडी खांबांवरून हात फिरविताना नवे लाकूडकाम आणि जुनी घडण यांतला फरक आम्हांला सांगता आला नाही. २० मे २०२५ रोजी, अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, मध्य प्रदेशच्या मंत्रिमंडळाची बैठक याच वाड्यात भरली होती, हेही आठवले. मंत्रिमंडळ एक दिवस येथे बसले. ओझे उतरून टेकणारा हमाल रोज बाहेर बसतो. हा विचार मनात आला तेव्हा पुतणीच्या बोलण्याचा परिणाम आमच्यावर होऊ लागला असावा.

वाड्यामागच्या गोपाळ मंदिराच्या बाजूने हिंडताना तिने आम्हांला पॅट्रिक गेडिस यांची हकीकत सांगितली. हे स्कॉटिश गृहस्थ मुळात जीवशास्त्राचे अभ्यासक. पुढे नगररचनेकडे वळले. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले ते हेच. त्यापूर्वी होळकर दरबारासाठी त्यांनी इंदूरची पाहणी केली आणि १९१८ साली दोन खंडांचा अहवाल सादर केला. जुन्या वस्तीतून सरळसोट रुंद रस्ते काढण्यासाठी घरांच्या रांगाच्या रांगा पाडण्यास त्यांचा विरोध होता. मोडकळीस आलेले एखादे घर काढावे, तेथे लहानसा चौक करावा, झाड असेल तर त्याला पार बांधावा आणि बाकीची वस्ती राहू द्यावी, असे त्यांचे मत. शहरात प्लेगची धास्ती होती. गेडिस यांनी दिवाळीची एक मोठी मिरवणूक काढविली आणि असे जाहीर केले की, ज्या रस्त्यावरची जास्तीत जास्त घरे झाडून-सारवून, डागडुजी करून स्वच्छ होतील त्या रस्त्याने मिरवणूक जाईल. लोकांनी आपण होऊन घरे साफ केली. मिरवणुकीत प्लेगचा राक्षस आणि भला थोरला उंदीर यांच्या प्रतिमा होत्या. ज्या शहराने पुढे देशात स्वच्छतेसाठी नाव मिळविले, त्या शहराची ही गोष्ट आम्हांला माहीत नसावी, याची थोडी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे-जिलेबी घेऊन आम्ही अरण्य वसाहतीकडे निघालो. पुण्यात जन्मलेले वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशी यांनी १९८० च्या दशकात इंदूर विकास प्राधिकरणासाठी ही वसाहत आखली. सुमारे साडेसहा हजार भूखंड, बहुतेक अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी. सर्वांत लहान भूखंड अवघा पस्तीस चौरस मीटर. ज्याला घर बांधणे परवडत नव्हते त्याला पाया, पाण्याचा नळ आणि शौचालय एवढे द्यायचे आणि घर त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचे, अशी योजना होती. नमुन्यादाखल ऐंशी घरे बांधून दाखविली. या कामाला १९९५ साली आगाखान पुरस्कार मिळाला. आज तेथे मजल्यांवर मजले चढले आहेत आणि मूळ रेषा शोधाव्या लागतात. तरी एक गोष्ट पुतणीने बोट दाखवून दाखविली: घरापुढचा ओटा. जागेची इतकी तंगी असताना दोशींनी नमुन्याच्या घरांना ओटा दिला, पायऱ्या रस्त्याकडे काढल्या. आम्ही गेलो तेव्हा एका ओट्यावर एक बाई लसूण सोलत होती आणि शेजारीण तिच्याजवळ बसून बोलत होती. “पस्तीस मीटरात ओटा बसतो,” पुतणी म्हणाली, “आणि आपल्या मंडळाच्या एवढ्या मोठ्या जागेत तो बसत नाही.”

आता आम्हांला उत्तर देणे भाग होते. आमच्या मंडळाच्या जुन्या घराला रस्त्याकडे तोंड करून एक ओसरी आहे. सकाळी तेथे चार निवृत्त मंडळी वर्तमानपत्र वाचतात. शाळेची मुले रिक्षाची वाट पाहतात. भर उन्हात भाजीवाली टोपली उतरवून टेकते. तिला मराठी येत नाही. परंतु आमच्या वार्षिक सत्यनारायणाचा प्रसाद ती न चुकता घेऊन जाते. आमच्या यादीत ही ओसरी नव्हती. ती विसरली गेली असेही नाही. समितीत तिच्यावर बोलणे झाले होते. ओसरीवर कुत्री येतात, पिचकाऱ्या पडतात, रात्री नको ती माणसे बसतात, झाडणार कोण, हे प्रश्न निघाले होते आणि ते खोटे नव्हते. शिवाय इमारत उभी राहायची तर भाडे हवे, भाडे लग्नकार्यातून येणार आणि लग्नवाल्यांना फाटक हवे. हे सारे आम्ही तिला सांगितले.

तिने ते शांतपणे ऐकून घेतले. परतीच्या गाडीत तिने आपला आराखडा दाखविला. सभागृह मागे नेले होते. त्याला स्वतंत्र फाटक, स्वतंत्र कुलूप. पुढे रस्त्याच्या बाजूला ओसरी, दिव्याखाली, वाचनालयाच्या खिडकीसमोर. म्हणजे आत बसलेल्याची नजर बाहेर राहील. ओसरीला उतार आणि कडेला पाण्याचा नळ, म्हणजे धुणे सोपे. इमारतीचा छेद काढून तिने दाखविले की, सभागृहाची हवा ओसरीवरून आत येते आणि वर झरोक्यातून निघून जाते. वर्षाचे कित्येक महिने यंत्र लावावे लागणार नाही. किंमत एकच होती. सभागृहात चारशेऐवजी तीनशे माणसे बसणार होती.

“शंभर खुर्च्या गेल्या,” आम्ही म्हणालो.

“वर्षातून मुहूर्ताचे दिवस किती, काका?” ती म्हणाली. “बाकीच्या दिवशी त्या चारशे खुर्च्यांवर कोण बसणार आहे?”

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपणा मराठी माणसांची मंडळे कशासाठी निघाली, हा प्रश्न गाडीत आमच्या मनात घोळत राहिला. ज्यांनी आमचे जुने घर उभारले, ते परक्या मुलखात नोकरीसाठी आले होते. संध्याकाळी आपल्या भाषेत दोन शब्द बोलायला जागा हवी होती. म्हणून त्यांनी आधी ओसरी बांधली, सभागृह नंतर वर्गणी काढून जोडले. आज आमची नातवंडे घरात हिंदी बोलतात. लग्नासाठी ती मंडळात येतील, जेवतील आणि जातील. अधल्यामधल्या एखाद्या मंगळवारी ती मंडळात यावीत तर तेथे उघडे काहीतरी असावयास हवे. आणि आपण ज्या मुलखाचे अन्न खाल्ले, त्या मुलखातली भाजीवालीही तेथे टेकावी. मल्हाररावांच्या वाड्यापुढे माळव्यातला कोणीही माणूस जाऊन बसतो, यात होळकरांचे काही कमी झालेले नाही.

पुतणीला परीक्षकांनी काय गुण दिले, ते अद्याप कळलेले नाही. समितीचा निर्णयही व्हायचा आहे, आणि तो तिच्या मनासारखाच होईल असे आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही. भाड्याचा हिशेब मांडणारी मंडळी आमचे स्नेही आहेत आणि त्यांचा हिशेब बरोबर आहे. गेल्या रविवारच्या बैठकीत आम्ही एवढेच केले की, ती यादी परत मागून घेतली, चारशेचे तीनशे केले आणि सभागृहाच्या वर, पहिल्या क्रमांकावर, आमच्याच हस्ताक्षरात लिहिले: रस्त्याकडे तोंड असलेली ओसरी, फाटकाच्या बाहेर. चिटणीसांनी चष्मा काढून आमच्याकडे पाहिले. ती झाडण्याची व्यवस्था कोण करणार, असे त्यांनी विचारले. पहिले वर्ष आम्ही पाहू, असे आम्ही सांगितले आहे.