लाल शाई

नात सहावीत गेली त्या जूनमध्ये मी जळगावला मुलाकडे राहायला आलो. ती कॉन्व्हेंटमध्ये जाते याचा सल मनात होताच. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं मी मराठी शिकवलं. अमळनेरला साने गुरुजी १९२४ ते १९३० शिकवत होते, आणि आम्ही खान्देशातले मास्तर त्या सहा वर्षांवर आजही आपला हक्क सांगतो. कॉन्व्हेंटबद्दल माझं मत ठरलेलं होतं: 'गुड मॉर्निंग, सिस्टर' आणि बायबल, यापलीकडे तिथे काय शिकवणार? हे मी सुनेसमोर, पाहुण्यांसमोर, एकदा तर रिक्षावाल्यासमोरही बोललो होतो.

सहावीचं वर्ष तसं मोकळं. शिष्यवृत्तीची परीक्षा पाचवीत झालेली, पुढची तेव्हा आठवीत असायची. तेव्हा दुपारी मी तिची पुस्तकं उघडून बसू लागलो, दोष काढायलाच. निघाली आमचीच पुस्तकं, बालभारतीची, फक्त इंग्रजीत. इतिहासात प्राचीन भारत, हडप्पा, मौर्य. भूगोलात अक्षवृत्तं आणि रेखावृत्तं. गणितात पूर्णांक संख्या. नागरिकशास्त्रात ग्रामपंचायतीपासून जिल्हा प्रशासनापर्यंत सगळं. एकदा मी सवयीने 'जळगाव नगरपालिका' म्हणालो तर तिने थांबवलं. "आबा, महानगरपालिका. २००३ पासून." तिला प्रकल्प होता तो. हा धडा मी वर्षानुवर्षं 'सरपंचाची कामे लिहा' एवढ्यावरच उरकला होता, हे मी तिला सांगितलं नाही.

बायबलचं म्हणाल तर तिच्या वर्गात चार-पाच मुलं ख्रिस्ती. धर्मशिक्षणाच्या तासाला ती वेगळ्या खोलीत जातात, बाकीच्यांना तेव्हा नीतिशिक्षण. पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणात बसवता येत नाही, हे संविधानाच्या २८व्या अनुच्छेदातच आहे. मी ते मुलाला ऐकवायला गेलो. तो म्हणाला, "आबा, प्रवेशाच्या वेळी मी वाचलंय ते." नीतिशिक्षणाला गुण नसतात. त्या वहीत तिने दर शुक्रवारी लिहायचं असतं, या आठवड्यात आपल्याकडून कोणाला त्रास झाला. या वहीची मी मनसोक्त टिंगल केली. त्रास झाला तर झाला, त्याची नोंद कसली ठेवायची?

पण एक गोष्ट खरोखर खटकली. वर्गात मराठी बोललं की पाच रुपये दंड. डबा घेऊन मॉनिटर फिरायची. त्यात मराठीचं पुस्तक सुलभभारती. माझ्या मते ते फारच पातळ, आजही माझं तेच मत आहे. मी पेटलो. मुख्याध्यापिका सिस्टरांच्या नावे अर्ज लिहायला घेतला आणि सगळा दारूगोळा भरला. फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण १६१६ सालचं, तुमच्याच एका धर्मगुरूने मराठीत ओव्या रचल्या. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी पहिली ते दहावी मराठी सक्तीची करणारा कायदा आला, आणि तो मोडणाऱ्याला लाखापर्यंत दंड आहे. (शाळा मराठी शिकवतच होती, तेव्हा हा मुद्दा जरा ओढूनताणून होता. पण लाखापुढे पाच रुपये कसे दिसतात, ते मला दाखवायचं होतं.)

शेवटचं वाक्य लिहिलं, 'लेकराच्या तोंडची भाषा हिसकावून घेण्याचा अधिकार कोणत्याही शिक्षकास...' आणि पेन थांबलं.

चोपड्याकडच्या एका गावी असताना 'माझे आवडते फळ' हा निबंध दिला होता. एका मुलाने चांगलं दीड पान लिहिलं: बाग, पाणी, घड, ट्रक भरताना बापाचे हात. आणि पानभर 'केयी'. आमच्याकडे ळचा य होतो; डोळा डोया, जळगाव जयगाव. मी प्रत्येक 'केयी'भोवती लाल गोल काढला, निबंध वर्गासमोर वाचला, मुलं हसेपर्यंत वाचला, आणि 'केळी' शंभरदा लिहायला लावलं. त्याने लिहिलं. त्यानंतर वर्षभर त्याने हात वर केला नाही. मला वाटलं, पोरगं सुधारलं. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पेपरात वाचून मला अभिमानही वाटला होता. तेव्हाही तो मुलगा आठवला नाही.

आणि तो एकटाच होता असं नाही. 'नीट बोल', 'शुद्ध बोल' हे मी तीस वर्षं रोज म्हणत आलो. माझ्या घरची बोली अहिराणी. आई वारेपर्यंत मी तिच्याशी तीच बोललो, पण शाळेच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की चप्पल काढावी तशी ती बाहेर ठेवायचो. मुलांनीही तसंच करावं, अशी माझी अपेक्षा होती. दंड मी रुपयांत घेतला नाही, इतकाच फरक.

अर्ज आठ दिवस तसाच पडून होता. त्याच सुमारास नातीच्या मराठीच्या बाईंनी गृहपाठ दिला: घरातल्या मोठ्यांना विचारून बोलीतले वीस शब्द लिहून आणा. ती आधी माझ्याकडे आली, मी मराठीचा मास्तर ना. मी दिले ते सगळे पुस्तकी शब्द. मग ती आजीकडे गेली.

"काय लिखी राह्यनी वं?" म्हणत आजीची गाडी जी सुटली. आंडोर, आंडेर, धल्ला, धल्ली, आते, जोडे, बठ्ठा. वीस कधीच ओलांडले. दोघी हसत होत्या आणि मी पेपरामागे बसून एकेक शब्द मनात पुढे ढकलत होतो. धल्ला म्हणजे म्हातारा, हे आजीने माझ्याकडे बोट दाखवून समजावलं.

अर्ज शेवटी दिला, पण शेवटचं वाक्य खोडून. त्या जागी त्या निबंधाबद्दल चार ओळी लिहिल्या, मुलाचं नाव न घालता. सिस्टरांनी उभ्यानेच वाचला आणि "बघते" म्हणाल्या. दंड दिवाळीपर्यंत चालूच होता. मग डबा दिसेनासा झाला. माझ्या अर्जाने, की मॉनिटर बदलली म्हणून, कोणास ठाऊक.

गृहपाठाची वही परत आली तेव्हा बाईंनी एका शब्दाखाली लाल शाईने लिहिलं होतं, 'वर्गात म्हणून दाखव.' शब्द होता केयी. आजी देवळात गेलेली.

"आबा, हा कसा म्हणायचा?"

मी म्हणून दाखवला. तिला नीट जमेना. पुन्हा म्हटला, मोठ्याने. आतल्या खोलीतून मुलगा बाहेर येऊन दारात उभा राहिला.