राजकीय वादात आपण का उतरतो? फोनवरची चर्चा, आपलं मन आणि आपला रक्तदाब



एखाद्या रुग्णाचा रक्तदाब अचानक वाढलेला दिसला की मी ठरलेले प्रश्न विचारतो. गोळी चुकली का? लोणचं-पापड वाढलंय का? झोप किती होते? तंबाखू, दारू? गेल्या काही वर्षांत या यादीत मी एक प्रश्न वाढवला आहे: व्हॉट्सॲपवर कोणाशी राजकारणावरून वाद चालू आहे का?

हा प्रश्न ऐकून बहुतेक जण हसतात. सोबत आलेली पत्नी किंवा मुलगा मात्र हसत नाही. "डॉक्टर, बरं झालं तुम्हीच विचारलंत," असं म्हणून पुढची माहिती तेच देतात.

आपल्या मिरा-भाईंदरमध्ये हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारावा लागला तो जुलै २०२५ मध्ये. त्याआधी काही महिने राज्यात शाळेत पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून वाद पेटला होता. २९ जूनला सरकारने ते शासन निर्णय मागे घेतले. त्याच सुमारास मिरा रोडमध्ये मराठी बोलण्याच्या मुद्द्यावरून एका दुकानदाराला मारहाण झाली आणि तिचा व्हिडिओ देशभर फिरला. ३ जुलैला व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवून निषेध केला. ५ जुलैला वरळीत ठाकरे बंधूंचा एकत्र मेळावा झाला. ८ जुलैला मिरा रोडमध्ये मराठीच्या बाजूने मोर्चा ठरला होता. पोलिसांनी परवानगी नाकारली, अनेकांना ताब्यात घेतलं, तरी तो निघाला. १८ जुलैला राज ठाकरे यांची इथे सभा झाली.

रस्त्यावर हे सगळं मोजके काही दिवस दिसलं. फोनमध्ये ते महिनाभर रात्रंदिवस चालू होतं. सोसायटीचा ग्रुप, शाळेच्या वर्गमित्रांचा ग्रुप, मॉर्निंग वॉकचा ग्रुप, अगदी पाण्याच्या टँकरच्या वेळा कळवण्यासाठी काढलेला ग्रुपसुद्धा त्यात ओढला गेला.

मी मराठी आहे आणि या विषयावर माझं मतही आहे. पण माझ्या दवाखान्यात मराठी, गुजराती, मारवाडी, उत्तर भारतीय, उत्तनचे कोळी, गोडदेव-नवघरचे जुने आगरी, सगळेच येतात. म्हणून इथे कोण बरोबर यात मी शिरत नाही. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. ज्यांना या वादाचा त्रास होतो, ज्यांची झोप जाते, तेसुद्धा त्यात पुन्हा पुन्हा का उतरतात?

दोन रुग्ण, एकच वाक्य

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि दोन-तीन रुग्ण एकात मिसळले आहेत.

पहिले गृहस्थ साठी ओलांडलेले, बँकेतून निवृत्त. बीपीची गोळी बरीच वर्षं चालू, रक्तदाब छान आटोक्यात. जुलैत आले तेव्हा १६२/९८. रात्री एक वाजेपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर उत्तरं देत बसायचे. मी विचारलं, "काका, तुमच्या मेसेजमुळे आजवर एकाचं तरी मत बदललं का?"

ते म्हणाले, "मत बदलायला कोण लिहितो, डॉक्टर? पण गप्प बसलो तर लोकांना वाटेल, आम्ही इथे कोणीच नाही."

दुसरे गृहस्थ व्यापारी, पन्नाशीतले, मधुमेहाचे रुग्ण. जन्म भाईंदरचा, माझ्याशी कायम मराठीत बोलतात. त्यांची शुगर आणि बीपी दोन्ही बिघडलेलं. तेही ग्रुपवर लिहीत होते, अर्थात दुसऱ्या बाजूने. त्यांना तोच प्रश्न विचारला. ते म्हणाले, "साहेब, आमचे आजोबा इथे आले. आता ग्रुपवर वाचतो तर जणू आम्ही इथले कोणीच नाही."

दोघे एकमेकांच्या विरोधात लिहीत होते, पण दुखणं एकच होतं. मला इथलं माणूस म्हणून कोणी मोजतंय का? राजकीय चर्चेत लोक का उतरतात याचं उत्तर मला त्या महिन्यात मिळालं, ते हेच. समोरच्याला पटवण्याची इच्छा असते, पण ती बरीच खाली असते. वर असते ती आपण आहोत हे नोंदवण्याची गरज.

विज्ञान काय सांगतं?

ही गरज काही आजार नाही. माणूस कळपात राहणारा प्राणी आहे आणि कळपातलं आपलं स्थान डळमळलं की मेंदू त्याला धोका समजतो.

हार्वर्ड विद्यापीठातील डायना तामीर आणि जेसन मिचेल यांनी २०१२ मध्ये केलेले प्रयोग मला इथे महत्त्वाचे वाटतात. स्वतःबद्दल, स्वतःच्या मतांबद्दल सांगताना मेंदूतले बक्षिसाशी संबंधित भाग जागे होतात, म्हणजे चविष्ट खाण्याने किंवा पैसे मिळाल्याने जे भाग जागे होतात तेच. एवढंच नाही, तर स्वतःबद्दल बोलायची संधी मिळावी म्हणून लोकांनी हातचे थोडे पैसेही सोडले. आता निवृत्त माणसाचा विचार करा. साठ वर्षांपर्यंत ऑफिसात त्याचं मत विचारलं जातं. मग एक दिवस निरोप समारंभ, शाल-श्रीफळ, आणि दुसऱ्या दिवसापासून घरात भाजी कोणती आणायची एवढंच विचारलं जातं. फोन मात्र रोज विचारतो, तुम्हाला काय वाटतं?

दुसरं कारण शाबासकीचं. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी ट्विटरवरच्या ७,३३१ लोकांचे सव्वा कोटीहून अधिक मेसेज तपासले आणि २०२१ मध्ये निष्कर्ष मांडले. संताप व्यक्त करणाऱ्या मेसेजला लाइक आणि शेअर जास्त मिळाले, की तोच माणूस पुढे आणखी संतापाने लिहू लागतो. लहान मुलाला टाळ्या मिळाल्या की ते तीच करामत पुन्हा करतं, तसंच हे आहे. आपल्याला वाटतं आपला राग आतून आलाय. त्यातला काही भाग अंगठ्यांनी आणि टाळ्यांनी शिकवलेला असतो.

तिसरी गोष्ट दिलासा देणारी आहे. डेन्मार्कमधील ऑर्हुस विद्यापीठाच्या अलेक्झांडर बोर आणि मायकेल बँग पीटरसन यांनी २०२२ मध्ये अमेरिका आणि डेन्मार्कमधल्या लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. फोन हातात आला की भला माणूस राक्षस होतो, असा आपला समज असतो. त्यांना तसं आढळलं नाही. जे फोनवर आक्रमक असतात ते समोरासमोरही बहुधा तसेच असतात, आणि त्यामागे वरचढ ठरण्याची धडपड असते. फरक इतकाच, की समोरासमोर त्यांचा आवाज चार जणांना ऐकू येतो आणि फोनवर तो सगळ्यांपर्यंत पोचतो.

हे मी एका तरुण शिक्षिकेला समजावून सांगितलं. ती स्वतः ग्रुपवर एक अक्षर लिहीत नव्हती, फक्त वाचत होती. छातीत धडधड, झोप नाही. ईसीजी आणि थायरॉईड नॉर्मल. तिला वाटू लागलं होतं की अख्खी इमारत तिच्या घराचा द्वेष करते. मी तिला ग्रुप उघडून नावं मोजायला लावली. शंभरहून अधिक सदस्यांपैकी कडवट लिहिणारे सात होते. बाकीचे तिच्यासारखेच गप्प राहून वाचत होते, कदाचित तिच्यासारखेच घाबरून.

शरीरात काय होतं?

आपल्या शरीराला समोर उभा असलेला माणूस आणि स्क्रीनवरचा मेसेज यातला फरक नीट कळत नाही. अपमान झाला असं वाटलं की ॲड्रेनालिन वाढतं, हृदयाचे ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात.

अमेरिकेतील डॉ. डाइची शिंबो आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये २८० निरोगी प्रौढांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. राग आलेला प्रसंग फक्त आठ मिनिटं आठवायला लावल्यावर रक्तवाहिन्यांची सैल होण्याची क्षमता कमी झाली, आणि हा परिणाम ४० मिनिटांपर्यंत टिकला. दुःख किंवा काळजीने तसा परिणाम दिसला नाही.

निरोगी माणसात हे पूर्ववत होतं. पण दर अर्ध्या तासाने नवा मेसेज आला तर? शिवाय झोपेत आपला रक्तदाब साधारण १० ते २० टक्के खाली यायला हवा. हृदयाची ती रोजची विश्रांती असते. रात्री एक वाजता वाद घालणाऱ्याला ती पुरेशी मिळत नाही. सकाळी उशिरा उठल्यामुळे गोळी चुकते, चालणं चुकतं, चहा वाढतो. राग एकटा क्वचितच नुकसान करतो, तो ही सगळी मंडळी सोबत घेऊन येतो.

लोकलमधला वाद आणि फोनवरचा वाद

माझ्या वयाच्या वाचकांना विरार लोकलमधल्या चर्चा आठवत असतील. पत्त्यांचा डाव, भजन आणि राजकारण एकाच डब्यात चालायचं. आवाज चढायचे, पण समोरच्याच्या चेहऱ्यावर घाम दिसायचा, त्याचा डबा दिसायचा, आणि तोच दुसऱ्या दिवशी बसायला थोडी जागा करून द्यायचा. शिवाय भाईंदर आलं की वाद संपायचा, कारण उतरावंच लागायचं.

फोनवरच्या वादाला स्टेशन नाही. ते आपल्यालाच ठरवावं लागतं.

मी रुग्णांना काय सांगतो?

"ग्रुप सोडा" असं मी सहसा सांगत नाही. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी तो ग्रुप कधी कधी दिवसभरातला एकमेव संवाद असतो. शिवाय पाणी, रस्ते, लोकलची गर्दी, मुलांच्या शाळेची भाषा हे सगळं राजकारणच आहे. नागरिकाने त्यावर बोललं पाहिजे. माझ्या सूचना अशा असतात:

१. रात्रीच्या जेवणानंतर उत्तर पाठवायचं नाही. हवं तर लिहून ठेवा आणि सकाळी चालून आल्यावर वाचा. बरेच मेसेज सकाळी पाठवण्यासारखे वाटत नाहीत. जे वाटतील ते जरूर पाठवा.

२. वाद झाल्यावर लगेच बीपी मोजून घाबरू नका. अर्धा तास जाऊ द्या, पाच मिनिटं शांत बसा आणि मग मोजा. तरीही आकडा वारंवार १४०/९० च्या वर येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. गोळी स्वतःहून वाढवू किंवा बंद करू नका.

३. लिहिण्याआधी मनात विचारा, हे मी कोणाला सांगतोय? समोरच्याला, की आपल्या बाजूच्या लोकांच्या टाळ्यांसाठी?

४. ज्याच्याशी वाद झाला तो त्याच इमारतीत राहत असेल तर पुढचं वाक्य खाली बाकावर बसून बोला. मान्य होणार नाही, पण आवाज बहुधा उतरेल.

५. आपण मोजले जावं ही गरज इतर ठिकाणीही भागवा. सोसायटीची सर्वसाधारण सभा, नगरसेवकाकडे नेलेला अर्ज, वाचनालय, ज्येष्ठ नागरिक संघ. तिथे तुमचं नाव आणि चेहरा दोन्ही मोजले जातात.

६. वाद चालू असताना छातीत दाब, डावा हात किंवा जबडा दुखणं, दरदरून घाम, धाप असं काही झालं तर "रागामुळे होतंय" म्हणून थांबू नका. १०८ ला फोन करा किंवा लगेच रुग्णालय गाठा.

निवृत्त काका आजही लिहितात. सकाळी लिहितात, थोडं कमी लिहितात. सप्टेंबरपर्यंत त्यांचा रक्तदाब १३४/८४ वर आला, गोळीचा डोस तोच ठेवून. व्यापारी गृहस्थांची शुगर सुधारली आहे, पण ग्रुपवर ते आता काहीच बोलत नाहीत, आणि याचं मला पूर्ण समाधान वाटत नाही. गप्प झालेला माणूस बरा झालेला असतोच असं नाही.

रुग्णाने सांगितलेलं दुसऱ्याला सांगायचं नाही, हा आमच्या व्यवसायाचा नियम आहे आणि तो योग्यच आहे. पण त्या जुलैत एकाच आठवड्यात तेच वाक्य मी दोन्ही बाजूंच्या इतक्या लोकांकडून ऐकलं की हा नियम जड वाटला. निदान नाव न घेता इथे लिहिता येतं, म्हणून लिहिलं. पुढच्या वेळी ग्रुपवर कोणाचा मेसेज वाचून तुमचं डोकं तापेल तेव्हा एवढं लक्षात ठेवा, की तो माणूसही बहुधा हेच विचारत असतो, "मी इथला आहे ना?" तुमचं उत्तर तुम्ही ठरवा. फक्त ते सकाळी द्या.