मनगटाची नस आणि स्मृतीची साक्ष

सुरतेच्या नवागाममध्ये खानदेशातून येऊन यंत्रमागांवर आयुष्य वेचलेली पुष्कळ मराठी कुटुंबे आहेत. तेथील कोणी वृद्ध गृहस्थ मृत्युपत्र करावयास आमच्यापुढे बसले, की कायद्याच्या आधी मुलेच बोलू लागतात. "आबांना हल्ली काही आठवत नाही, वकीलसाहेब," थोरला म्हणतो. "सगळं आठवतं," धाकटा म्हणतो. घराची वाटणी ज्याच्या सोयीची असेल, त्याप्रमाणे आबांची स्मृती कमी-अधिक होते!

या वादात विज्ञान आता तिसरा साक्षीदार आणू पाहत आहे. मनगटातील नसेला विजेचा सौम्य झटका देतात व सुमारे २० सहस्रांश सेकंदांनी, डोक्यावर धरलेल्या तारेच्या वेटोळ्यातून मेंदूला चुंबकीय स्पंद पोहोचवितात. मेंदू असा चेतविण्याची ही युक्ती १९८५ मध्ये इंग्लंडातील शेफील्ड येथे अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केली. नुसत्या स्पंदाने हाताचा स्नायू फुरफुरतो. परंतु मनगटाची वर्दी आधी पोहोचली असेल, तर निरोगी मेंदू ते फुरफुरणे आवरतो. हे आवरणे ॲसिटिलकोलीन नामक रसायनावर अवलंबून असते, आणि अल्झायमरच्या विकारात नेमके तेच आटत जाते. इटलीतील दी लाझारो व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अशा रोग्यांत हे आवरणे क्षीण झाल्याचे दाखविले. येथे कोणी वार पुसत नाही, १०० तून ७ वजा करावयास सांगत नाही. निरक्षर माणसाची फजिती होत नाही. हा गुण आम्हांस विशेष वाटतो. तथापि ही चाचणी एकटी निदान करीत नाही, काही औषधांनीही तिचे उत्तर बदलते, आणि बव्हंशी ती अद्याप संशोधनशाळेतच आहे.

आता कायद्याचे पाहू. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचे ५९ वे कलम स्वस्थ मनाच्या सज्ञान व्यक्तीस मृत्युपत्राचा अधिकार देते. एरवी ढळलेले मन मध्यंतरी ठिकाणावर आले, तर तेवढ्या अवधीतही देते. आपण काय करीत आहोत हे त्या वेळी त्यास उमगत होते काय, एवढेच पाहावयाचे. स्नायूच्या फुरफुरण्यास ते सांगता येत नाही. उद्या कोणी हुशार पुत्र असला आलेख न्यायालयात फडकवील, ही आमची भीती पोकळ नव्हे.

म्हणून तो कागद ज्याच्या मनगटाचा, त्याच्याच हाती प्रथम पडावा. वेळेवर कळले, तर आबा स्वतःच सांगतील : घर कोणाचे, बँकेचे पुस्तक कोणाकडे, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यान्वये उपचारांविषयी आपली आगाऊ लेखी इच्छा काय व आपला प्रतिनिधी कोण. आजी मागे राहिल्यास तिने कोठे राहावे, तेही सांगतील. वाटणीच्या बोलण्यात तिचे नाव सहसा कोणी काढीत नाही.