पाटीवर उतरायचंय

नांदेडच्या रेल्वे स्टेशनाबाहेरचे रिक्षावाले माणूस नुसता बघून ओळखतात. सचखंड एक्स्प्रेसमधून उतरलेलं पंजाबी कुटुंब असेल तर गुरुद्वारा. पाठीला सॅक लावलेलं पोरगं आणि त्याच्यामागं पेटी उचलून चाललेला बाप दिसला तर कोचिंग क्लास. हातात एक्स-रेचं मोठं पाकीट असेल तर डॉक्टर लेन. या तिन्हींत न बसणारी बाई त्यांना जरा अवघड जाते. मी ‘किल्ला’ म्हणाले तेव्हा रिक्षावाल्यानं मान मागं वळवून विचारलं, “किल्ले में क्या है अम्मा? पानी की टाकी है.”

खोटं नव्हतं त्याचं. नंदगिरी किल्ल्यात शहराच्या पाणीपुरवठ्याची टाकी आहेच. बुरूज झिजलेत, तटावर झुडपं माजलीत, आणि जुन्या गावातल्या गल्ल्यांतून वाट काढत गेलं तरच तो सापडतो. पण तटाशी उभं राहिलं की गोदावरी तीन अंगांनी वळसा घालताना दिसते. किल्ला इथंच का बांधला, हे कुणी सांगावं लागत नाही. मी खाली आले तर रिक्षावाला थांबलेला. परतीची सीट मिळणार नाही या भीतीनं असेल, किंवा ही बाई टाकी बघून काय म्हणते या उत्सुकतेनं.

मी याच जिल्ह्यातली. शाळेत शिकवण्यात उमेद गेली आणि पोरांना वेरूळ-अजिंठ्याच्या सहली काढून दाखवल्या. जवळचं मात्र ‘कधीही जाऊ’ म्हणून राहिलं. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि हिंडायला आयतं निमित्त मिळालं. मुलानं गाडी आणि ड्रायव्हर देऊ केला होता. नको म्हणाले. ड्रायव्हर सोबत असला की त्याच्या जेवणाची, झोपेची, कंटाळ्याची काळजी आपल्याला. शिवाय चारचाकीत आपण आपल्याच घरातल्या गप्पा घेऊन फिरतो. एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा पासही चार किंवा सात दिवसांसाठी मिळतो, पण मला हिंडायचं होतं ती अंतरं बघता साधं हाफ तिकीटच स्वस्त पडतं. हा हिशेब मला एका कंडक्टरनं तिकिटाच्या मशीनवर बोट ठेवून करून दाखवला.

नांदेड शहरात माझं सगळं काम ‘एक सीट’वर भागतं. तरोडा नाक्यावरून बसायचं, राज कॉर्नर, वर्कशॉप, श्रीनगर, आयटीआय, कलामंदिर अशी नावं ड्रायव्हर एका दमात म्हणतो आणि वाटेत निम्मी रिक्षा रिकामी होऊन पुन्हा भरते. माझ्या शेजारी एकदा निळ्या फेट्याचा तरुण शीख बसला होता. फोनवर कुणाला तरी सांगत होता, “अरे, मी इकडं वजिराबादला यायलो ना, थांब की जरा.” बाहेरून आलेली माणसं हे ऐकून चमकतात. नांदेडच्या शिखांची कित्येक घरं पिढ्यान् पिढ्या इथलीच आहेत. त्यांच्या मराठीला गोदावरीचं पाणी लागलेलं आहे. त्यानंच मला घागरिया सिंघाबद्दल सांगितलं. सचखंड हजूर साहिबमध्ये रोज पहाटे अंधार असतानाच गोदावरीचं पाणी चांदीच्या घागरीतून आणतात, ते आणणारा सेवेकरी म्हणजे घागरिया सिंघ. महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात बांधवलेला तो सोनेरी घुमट सगळे बघतात. पाणी येताना बघणारे थोडे, कारण त्या वेळेला रिक्षा नसते. बंदाघाट मात्र दिवसाढवळ्या बघता येतो. माधोदास बैरागी इथं राहत होता; 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगांशी त्याची गाठ पडली आणि बंदासिंग बहादूर होऊन तो पंजाबात लढायला गेला. पंजाबच्या इतिहासाला कलाटणी देणारा माणूस आपल्या घाटावरून उठून गेला, आणि नांदेडकर तिथं संध्याकाळी हवा खायला बसतात. दोन्ही ठीकच आहे.

लातूरची गाडी बसस्थानकावरून सुटली की विष्णुपुरीपर्यंत ती बसायला जागा देत नाही. मेडिकल कॉलेज, इंजिनिअरिंग कॉलेज, स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ, सगळं याच रस्त्यावर. विष्णुपुरीला विद्यार्थी उतरले की खिडकी मिळते. मीही एकदा तिथंच उतरले. काळेश्वराच्या देवळाच्या पायऱ्यांवरून शंकर सागर जलाशय दिसतो. आशियातल्या मोठ्या उपसा सिंचन योजनांत या प्रकल्पाचं नाव घेतात. पाणी खाली आणि जमीन वर, अशी इथली अडचण. म्हणून ते पंपांनी उचलून कालव्यात सोडायचं. पायऱ्यांवर इंजिनिअरिंगची पोरं परीक्षेच्या आधी नारळ घेऊन आलेली. देवाला सांगायचं ते सांगून झाल्यावर बॅकलॉगची चर्चा चाललेली.

लोह्याला उतरून कंधारची गाडी धरायची. हा माझा सगळ्यात आवडता टप्पा. कंधारचा किल्ला भुईकोट, चारी बाजूंनी रुंद खंदक, आणि त्या खंदकात पाणी. राष्ट्रकूटांचं हे एकेकाळचं मोठं ठाणं. तिसऱ्या कृष्णाशी त्याचं नातं सांगतात, आणि जवळचा जगत्तुंग सागर हा तलाव त्याच काळाची आठवण. पुढं बहामनी, निजामशाही, मोगल, हैदराबादचे निजाम, ज्यानं त्यानं आपली भर घातली. आत लाल महालाच्या भिंती आहेत, कमानी आहेत, दगडी मूर्तींचे अवशेष आहेत. कंधारमध्ये क्षेत्रपालाच्या एका अजस्र मूर्तीचे तुकडे सापडले आहेत. नुसत्या पावलांवरून अख्खी मूर्ती केवढी असेल, याचा अंदाज बांधत माणूस उभा राहतो.

मी गेले तेव्हा आत दुसरं कुणी नव्हतं. थोड्या वेळानं शेळ्या घेऊन एक आजी आल्या, सावलीला बसल्या. “कुठल्या गावच्या?” नांदेडच्या म्हणाले. “एकट्याच? सोबत कुणी नाही?” नाही म्हणाले. “मग बरं करलाव. सोबतीचे लई घाई करत्यात.” मग त्यांनी भाई केशवराव धोंडगेंचा विषय काढला. कंधारात अर्धा तास बसलं की तो निघतोच. मन्याड खोऱ्यातला हा शेतकरी कामगार पक्षाचा आमदार शंभरी ओलांडून 1 जानेवारी 2023 रोजी गेला. आजी मात्र ते परवा भेटून गेल्यासारखं बोलत होत्या. किल्ल्याविषयी त्यांनी एकच माहिती दिली, की खंदकाकडच्या अंगाला मोहोळ आहे, तिकडं जाऊ नका. कोणत्याही माहितीफलकापेक्षा ती मला जास्त उपयोगी पडली.

लोह्याहून पुढं माळाकोळी, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर, आष्टामोड. या रस्त्यावर गाडी कुणासाठीही थांबते आणि थांबली की खिडकीतून आधी रुमाल येतो, मग पिशवी, मग लेकरू, आणि शेवटी दारातून त्याची आई. नव्या माणसासाठी एक सूचना करून ठेवते. रेल्वेनं येणाऱ्यांनी ‘लातूर रोड’ वाचून सामान उचलू नये. ते स्टेशन चाकूर तालुक्यात आहे आणि तिथून लातूर तीसेक किलोमीटर राहतं.

लातुरात सगळे गंजगोलाईला जातात, पण बघायला कुणी जात नाही. कापड घ्यायला, चपला घ्यायला, मसाला घ्यायला जातात. मध्ये जगदंबेचं देऊळ, भोवती 1917 मधली गोल दुमजली इमारत, आणि तिच्याकडून निघालेले 16 रस्ते. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांची ही आखणी. एकेका रस्त्याला एकेक व्यापार: कापड लाईन, भुसार लाईन, सराफा. निजामाच्या राज्यात, मराठवाड्यातल्या धान्याच्या पेठेसाठी कुणी तरी कंपास घेऊन बसलं आणि शंभर वर्षं चालेल असा बाजार आखला. याचं मला फार अप्रूप वाटतं. त्यानंतर आपण आखलेल्या किती बाजारपेठांत पायी चालता येतं, ते मोजून बघावं. गोलाईची मजा डोळ्यांपेक्षा नाकाला जास्त. एका तोंडाशी मिरचीचा खकाणा, पुढच्याला गूळ, त्यापुढं कोऱ्या चामड्याचा वास. मी नाकावर पदर धरून मिरची लाईन ओलांडत होते तर दुकानदार म्हणाला, “बाई, हे तर काहीच नाही, फेब्रुवारीत या.”

गोलाईपासून चालत जुन्या रेल्वे लाईनीला गेले. रूळ कधीच गेलेत, पत्त्यात लाईन राहिली आहे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉपची बार्शी लाईट रेल्वे 1911 मध्ये लातूरपर्यंत पोचली. अडीच फुटी रुळांवरून ती कुर्डुवाडीपर्यंत जायची आणि लातूरची डाळ, कापूस, प्रवासी मुंबईच्या मोठ्या गाडीला नेऊन जोडायची. रुंद रूळ आल्यावर नवं स्टेशन गावाबाहेर झालं. त्याच रुंद रुळांवरून एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला 10 वाघिणी, 5 लाख लिटर. तेव्हा पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी नको म्हणून शहरात जमावबंदी लावावी लागली होती. लातूरकर हे आता हसत सांगतात, पण दारातले ड्रम कुणी हलवलेले नाहीत. रिक्षातून जाताना बघा, निळा ड्रम नसलेलं घर शोधावं लागतं.

खरोशाला निलंग्याकडची गाडी. “पाटीवर उतरायचंय,” असं कंडक्टरला चढतानाच सांगून ठेवावं, म्हणजे तो आणि शेजारचे चार प्रवासी मिळून आपल्याला विसरू देत नाहीत. टेकडीतली ही लेणी साधारण सहाव्या शतकातली धरतात. वेरूळचा काळा कातळ डोक्यात ठेवून गेलं की आधी गोंधळायला होतं, कारण इथला दगड जांभा: लाल, भोकाभोकांचा, हात फिरवला की बोटांना रंग लागणारा. शिव-पार्वती, नरसिंह, कार्तिकेय, रावण ओळखू येतात, पण चेहरे पुसट झालेत. नाकं गेलीत, खांदे उरलेत. मला ते तसेच आवडले. एका खांबाला टेकून बसले तर साडीवर विटकरी पट्टा उमटला, तो अजून निघालेला नाही. जेम्स बर्जेस 1875-76 च्या हंगामात इथं येऊन गेला आणि बीदर-औरंगाबाद जिल्ह्यांच्या त्याच्या अहवालात ‘करूसा’ म्हणून ही लेणी आली. तेव्हा लातूरला रेल्वे नव्हती, नांदेडलाही नव्हती. त्याच्या मानानं माझं हाफ तिकीट म्हणजे चैन.

तिथून निलंगा. तीन गाभाऱ्यांचं नीळकंठेश्वराचं देऊळ आणि त्यातली हरगौरी बघायची, मग निलंगा राईस खायचा. हळदीचा पिवळा, मिरचीनं तिखट, तव्यावरून थेट ताटलीत. “तिखट कमी करू का मावशी?” असं विचारणाऱ्याला नाही म्हणावं, नाही म्हणून मी दोन ग्लास पाणी प्याले.

किल्लारी मी बघण्याच्या यादीत धरली नव्हती. उमरग्याची गाडी त्या वाटेनं जाते म्हणून नाव काढलं, तर कंडक्टरनं तिकीट फाडायच्या आधी विचारलं, “जुनी का नवी?” 30 सप्टेंबर 1993 ची भूकंपाची पहाट, 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून माणसं झोपलेली. त्यानंतर गाव उठून दुसरीकडं वसलं, सरळ रस्ते, एकसारख्या ओळी. मी जुनी म्हणाले. तो म्हणाला, स्मारकाजवळ सोडतो, परतीची गाडी इथूनच मिळेल, उन्हाचं लांब जाऊ नका. तिथं मी फार थांबले नाही आणि तिथलं वर्णनही करणार नाही.

आता होट्टल राहिलंय. देगलूर तालुक्यात चालुक्यांच्या काळातलं सिद्धेश्वराचं देऊळ आहे, त्याचे दगड माझ्या एका विद्यार्थिनीनं फोनवर दाखवले तेव्हापासून डोक्यात बसलंय. देगलूरपर्यंत गाड्यांची ददात नाही. त्या स्टँडावर महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा अशा तिन्ही राज्यांच्या गाड्या लागतात. तेलंगणाच्या गाड्यांच्या नंबरात झेड असतो. निजामानं आपल्या आईच्या, जहरा बेगमच्या, नावावरून तो घातला असं सांगतात. निजामाची बससेवा 1932 मध्ये 27 गाड्यांनिशी सुरू झाली, म्हणजे पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली त्या 1 जून 1948 च्या कितीतरी आधी. आमचा मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबादेकडंच होता, हे पुण्या-मुंबईच्या माणसांना दर वेळी नव्यानं सांगावं लागतं. अडचण देगलूरच्या पुढची आहे. नांदेडच्या चौकशी खिडकीवर विचारलं तर आतल्या गृहस्थानं चष्म्यावरून बघितलं. “होट्टल? तिथं कोण आहे तुमचं?” कुणी नाही म्हणाले. त्यांनी देगलूरला फोन लावून वेळा विचारल्या, माझ्याच वहीवर लिहून दिल्या आणि खाली एक रेघ ओढून सांगितलं, “ही शेवटची. ही चुकली तर मात्र तिथं तुमचं कुणीतरी असावं लागेल.”