चव मुरते कुठे?

चि. मुक्ता,


‘चॉकलेट करावं तर स्विस लोकांनीच,’ हे तुझ्या पत्रातलं वाक्य वाचून हसावं की रागवावं, कळेना. अगं, आल्प्समध्ये कोकोचं झाड उगवतं का? फणसासारखं खोडालाच फळं धरणारं हे झाड मूळचं ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातलं. इक्वेडोरमध्ये सांता आना-ला फ्लोरिदा इथं सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या भांड्यांत त्याचे अंश सापडलेत. पण मुद्दा जन्मगावाचा नाही, चवीचा आहे. ताज्या बीला चॉकलेटचा वासही नसतो, नुसती कडू आणि तुरट. घानातले शेतकरी पांढऱ्या गरासकट बियांचा ढीग केळीच्या पानांत झाकतात, अधूनमधून उलटतात. पाच-सहा दिवस आत आंबणं चालतं. गरातल्या साखरेचं आधी मद्य होतं, मग आम्ल. ढीग पन्नास अंशांच्या आसपास तापतो, बी मरते आणि तिच्या आत चवीची बीजं तयार होतात. मग चटयांवर ऊन. हे बिघडलं, तर पुढे कितीही भाजा, ती चव येत नाही. पीठ आंबलंच नसेल, तर इडलीपात्र काय करणार?

तू म्हणशील, दुधाचं चॉकलेट १८७५ मध्ये डॅनिएल पीटरनंच केलं आणि रोडोल्फ लिंटच्या घोटण्याच्या यंत्रानं चॉकलेटला मऊपणा दिला. कबूल. पण लिंटचं यंत्र १८७९ चं, आणि त्याच सुमारास टेटे क्वार्शीनं फर्नांदो पो बेटावरून आणलेल्या बिया आजच्या घानात माम्पाँगला रुजवल्या. एकाचं नाव वेष्टनावर, दुसऱ्याचं तू ऐकलंयस तरी का?

‘भाव वाढले की शेतकऱ्यालाही मिळतंच,’ हेही तुझंच. २०२४ मध्ये कोको टनाला दहा हजार डॉलरांवर गेला. घानातल्या शेतकऱ्याचा दर मात्र हंगामाच्या आरंभी सरकारनं ठरवलेला. तिकडे फांद्या सुजवणारा विषाणूजन्य रोग पसरतोय. झाड उपटण्यावाचून त्याला इलाज नाही, आणि नव्या झाडाला फळ धरायला तीन-चार वर्षं. तोवर खायचं काय? म्हणून काही जण सोनं खणणाऱ्यांना जमीन देऊन मोकळे होताहेत. तिथं पुन्हा कोको कोण लावणार, याचाच घोर लागलाय मला.

असो. तुझ्याकडचा स्विस चॉकलेटचा डबा अजून संपला नसेल, तर बिया कुठल्या देशातल्या हे त्यावर लिहिलंय का, ते बघून कळव.

तुझी,
मावशी